रात्रीची लाईट आणि माझा गळ

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीत काटा मोडलाय. आज चौथा दिवस. सुईने कोरून झालं, गूळ-हळद गरम करून बांधून झाली, शेजारच्या काकांचा चष्मा लावून बघून झालं. बायको म्हणते डॉक्टरकडे जा. जायला हरकत नाही, पण डॉक्टर विचारणार, "कसा मोडला?" आणि त्याचं खरं उत्तर कंपाउंडरच्या देखत द्यायची माझी तयारी नाही.

या सगळ्याचं मूळ टेक्ससमध्ये आहे. माझा भाचा तिथे असतो आणि उन्हाळ्याच्या रात्री तळ्यावर जाऊन बास नावाचा मासा धरतो. लार्जमाउथ बास, म्हणजे मोठ्या तोंडाचा. भाचाही तसाच. गेले सहा महिने तो मला रात्रीच्या मासेमारीचे धडे देतोय. उन्हाळ्यात दिवसा पाणी तापतं, म्हणून बास रात्री काठाला चरायला येतो. रात्री खोटं आमिष काळंच लावायचं, कारण खालून वर बघणाऱ्या माशाला आभाळाच्या उजेडावर काळी आकृतीच ठळक दिसते. पाण्यावर पांढरा दिवा मारायचा नाही, कपाळाला मंद लाल लावायचा. पाय आपटायचे नाहीत, माशाच्या अंगावर दोन्ही कुशींना एक रेघ असते, तिला पाण्यातली थरथर कळते. सगळं शास्त्रशुद्ध. अडचण एवढीच की नाशिकमध्ये बास नाही.

"मरळ आहे ना, मामा? मग झालं. दोघंही बेडकावर झडप घालतात."

या एका वाक्यावर मी अठ्ठावीसशेचा रॉड, रील आणि साडेतीनशे रुपयांचा काळा रबरी बेडूक घेतला. साडेतीनशे रुपयांत खरे बेडूक किती आले असते हा हिशेब बायकोने तोंडी करून दाखवला.

जागेचा प्रश्न होता. धरणातले मासे ठेक्याचे. नांदूर मध्यमेश्वर म्हणजे पक्षी अभयारण्य, 2020 पासून रामसर यादीतलं, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांपैकी एक, तिथे दुर्बीण न्यायची, गळ नाही. उरली दारणा. चेहेडीच्या पुलापासून आत एका मळ्याच्या बांधावरून नदीला उतरायची पायवाट आहे, ती मी दिवसा बघून ठेवली होती. शनिवारी रात्री अकराला जाऊन बसलो. एका बाजूला ऊस, समोर पाणी, वर डास. उसात बिबट्या असू शकतो हे दारणाकाठी राहणाऱ्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं, पण मी ते कपाळावरच्या लाल दिव्यासारखं मंद करून ठेवलं होतं.

दीड तास काहीही झालं नाही. तेव्हा टेक्ससात शनिवारची दुपार, त्यामुळे भाचा फोनवर मोकळाच होता. धीर द्यायला त्याने मला जॉर्ज पेरीची गोष्ट सांगितली. 1932 साली जॉर्जिया राज्यात या तरुण शेतकऱ्याने 22 पौंड 4 औंसांचा बास धरला. म्हणजे दहा किलोच्या वर. जागतिक विक्रम, आणि म्हणे घरी नेऊन खाऊन टाकला. पुढे 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता नावाच्या माणसाने त्याहून जवळजवळ एक औंस जड बास धरला. पण विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात असा नियम, म्हणून दोघांची बरोबरी! मला त्या जपानी माणसाचं फार वाईट वाटलं. 77 वर्षं वाट बघून शेवटी कोणीतरी तराजू घेऊन येतं आणि नियम वाचून दाखवतं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये असंच होतं.

आणि तेवढ्यात दोरी ताणली.

"आला! मामा, टाइट ठेव! टाइट!" भाचा तिकडे सोफ्यावर उभा राहिलेला मला आवाजावरून कळत होतं. मी ओढत होतो, ते ओढू देत नव्हतं. वीस मिनिटं. घामाने शर्ट चिकटला. "मोठा आहे रे," मी म्हणालो. आता आठवलं तरी लाज वाटते, तो किती किलोचा असेल यावर आमची चर्चासुद्धा झाली. मग माझ्या फोनची रेंज गेली आणि बांधावरून भजन ऐकू आलं.

भजन जवळ येत होतं. मागोमाग मोटारसायकलच्या हेडलाइटएवढ्या बॅटरीचा झोत आला, आधी पाण्यावर, मग थेट माझ्या डोळ्यांत.

"कोणे रे तिकडं?"

"मी."

रात्री एक वाजता नदीकाठी 'मी' हे उत्तर फार तोकडं पडतं.

"मी कोण? केबल खाली टाक आधी!"

"केबल नाही हो, दोरी आहे. मासे धरतोय."

"कुठंयेत मासे?"

"अजून मिळाले नाहीत."

"मंग चोरच हाये."

त्यांचं चूक म्हणता येत नाही. तांब्यासाठी मोटरींच्या केबली चोरीला जातात. आणि माझं दुर्दैव असं की त्यांनी झोत माझ्या दोरीवरून पुढे पुढे नेला तर तिचं दुसरं टोक त्यांच्याच मोटरच्या पाइपाला जाऊन भिडलेलं. मी वीस मिनिटं एका शेतकऱ्याच्या चार इंची पाइपाशी झुंजत होतो. वजनाचा अंदाज तसा बरोबरच निघाला म्हणायचा.

सत्तरीचे आबा. डोक्याला मफलर, हातात काठी, सदऱ्याच्या खिशात मोठ्याने वाजणारा मोबाइल. "बंद करा ना जरा, मासे पळतात," मी म्हणालो. "बिबट्या बी पळतो," ते म्हणाले. भजन चालू राहिलं.

मग माझी तपासणी.

"कुठले तुमी?"

"इंदिरानगर."

"तिथलं कोन असतं का? मूळचे कुठले?"

"येवल्याचे."

"येवल्यात कोणाचे?"

सांगितलं. ते थोडा वेळ आभाळाकडे बघून हिशेब करत राहिले आणि त्यांच्या धाकट्या सुनेच्या मावशीच्या दिराचं घर आमच्या वाड्याला लागून आहे असं निघालं. तिथे मी चोराचा पाहुणा झालो. आधार कार्डाने हे झालं नसतं.

पाहुणा झाल्यावर सल्ले सुरू. त्यांनी माझा रबरी बेडूक हातात घेतला (तो पाइपावरून सोडवून त्यांनीच आणला होता), उलटा केला, पोट दाबलं.

"हे काय?"

"बेडूक."

"ह्याला वास कुठंय?"

"वासावर नाही, हालचालीवर मासा येतो."

"कोन म्हन्लं?"

"भाचा. अमेरिकेत असतो."

"त्याला काय म्हाइत दारणेचं." एका वाक्यात त्यांनी माझं सहा महिन्यांचं शिक्षण रद्द केलं. "मरळ रात्री कशाला यील? मरळीला सकाळी बसायचं. दम घ्यायला वर येती ती, बुडबुडा दिसला का तिथं टाकायचं. रात्री शिंगाडा, नाहीतर वाम. आन् त्याला आतडी पाहिजे कोंबडीची. दोन दिस उन्हात ठेवायची, डबा बंद करून. उघडल्यावर आपल्याला चक्कर आली पाहिजे, तव्हा मासा येतो."

मी ऐकत होतो. खरं सांगतो, मला ते पटतही होतं.

"आन् साबन लावून आले तुमी. इथवर वास मारू राह्यलाय. माशाला लगेच कळतं. तोंड बी चुकीच्या बाजूला करून बसले. आन् हा तांबडा दिवा कशाला? गाडीचा मागचा काढून आनला का?"

"आबा, तुम्ही कधीपासून धरता मासे?"

"मी?" त्यांनी मफलर सैल केला आणि गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. "राम राम. बावीस वर्सं झाली माळ घालून. दरसाल त्र्यंबकहून निवृत्तिनाथांच्या पालखीसंगं चालत जातो पंढरपूरला. मी नाय शिवत."

"मग त्याआधी?"

"त्याच्या आधी बी कधी धरला नाय. पन बघितलंय ना."

हे जे 'बघितलंय ना' आहे, त्यावर आपलं निम्मं गाव चालतं. क्रिकेट बघितलंय, गाडी रिव्हर्स घेताना बघितलंय, दुसऱ्याचं घर बांधताना बघितलंय. रामकुंडावर एखादा माणूस पाण्यात उतरायला लागला की वर पायरीवर बसलेला दुसरा त्याला डावा पाय आधी टाकायला सांगतो. स्वतः कोरडाठाक. मीसुद्धा काही वेगळा नाही, टेक्ससच्या पाण्यात बोट न बुडवता मी ऑफिसात चार जणांना बास कसा धरावा ते सांगितलेलं आहे. पण ते दिवसा, चहाबरोबर. बॅटरी डोळ्यांत मारून नाही.

एवढ्यात आबांना आपण कशाला आलो ते आठवलं. ते स्टार्टरच्या पेटीकडे गेले, बटण दाबलं. मोटर घुमली, पण आवाज पोकळ. पाइपातून पाण्याचा थेंब नाही.

"फुटबॉल गेला," ते म्हणाले.

रात्री सव्वा वाजता उसाच्या कडेला हे वाक्य ऐकल्यावर माणूस काय समजणार? मी आजूबाजूला चेंडू शोधला. मग कळलं की पाइपाच्या तोंडाशी पाण्यात बुडालेली ती लोखंडी जाळीची झडप, फूट व्हॉल्व्ह, तिला मळ्यात फुटबॉल म्हणतात. तिला पाणवेलींनी गच्च धरलं होतं.

"पोरगं लग्नाला गेलंय सिन्नरला," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या वाड्याशेजारच्या घराचा तो दूरचा धागा अशा कामासाठीच सापडला असावा.

पुढची पंचवीस मिनिटं मी अठ्ठावीसशेचा रॉड झुडपाला टेकवून, चिखलात गुडघाभर उभा राहून, दोरखंडाने तो पाइप ओढत होतो. आबा काठावरून बॅटरी धरून. "कमरेतून नका ओढू, गुडघ्यातून ओढा. आसं नाय. आडवं व्हा थोडं. सोडू नका, सोडू नका, आता सोडा." बॅटरी पाइपावर असायला हवी, ती पूर्ण वेळ माझ्या चेहऱ्यावर होती. माझा भाव बदलतोय का ते त्यांना बघायचं असावं.

फुटबॉल वर आला तो पाणवेलीच्या मुळ्यांचा काळा, केसाळ गोळा होऊन. नदीत सांडपाणी जातं, त्या खतावर ही वेल पोसते. दरवर्षी काढतात, दरवर्षी फोटो येतात, दरवर्षी वेल परत येते. वास असा की आबांच्या आतडीच्या डब्याची गरज नव्हती. मी मुळ्या उपटायला लागलो आणि आतून काहीतरी सळसळलं.

"साप!" मी पाइप टाकला.

"साप नाय, वाम हाये ती," आबा शांतपणे म्हणाले. "बघा, म्हन्लं होतं ना? रात्री वाम."

दीड फुटी वाम. टोकदार लांबुडकं तोंड, अंगावर नागमोडी तपकिरी नक्षी, मुळ्यांत अडकून पिळवटत होती. सहा महिने, अठ्ठावीसशे रुपये, टेक्ससचं मार्गदर्शन आणि मासा धरला कोणी? फुटबॉलने.

"काढा तिला, न्हायतर परत चोक होईल."

"तुम्ही धरा ना, तुम्हाला माहितीये."

"माळ हाये माझ्या गळ्यात. तुमी धरा. पाठीवरून धरा, घट्ट."

मी पाठीवरून घट्ट धरली. वामेच्या पाठीवर करवतीसारखी काट्यांची रांग असते, हे मला आता कोणीही झोपेतून उठवून विचारावं.

"पाठीवरून कशाला धरली?" आबा म्हणाले.

मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही. आबांनी खिशातलं भजन मोठं केलं. रक्त येत होतं, पण मासा हातात होता आणि, कबूल करतो, मी दुसऱ्या हाताने फोन काढत होतो. फोटो पाठवला असता तर भाच्याला झडपेचं थोडंच कळणार होतं!

"सोडा तिला," आबा म्हणाले. "बारा वाजून गेले. एकादशी लागली."

एकादशी सूर्योदयाला धरतात, आणि सूर्योदयाला चार तास बाकी होते. पण ज्या माणसाच्या पाइपात आपला गळ अडकलेला सापडलाय त्याच्याशी तिथीवर वाद घालता येत नाही. सोडली. ती गेली, फोटो काढायचा राहिला.

मग पाइप परत पाण्यात, पंपात बादलीने पाणी ओतणं (तेही मीच), आणि तिसऱ्या बटणाला मोटरने पाणी उचललं. वर मळ्यात कुठेतरी धो धो आवाज आला. आबा थोडा वेळ तो आवाज ऐकत उभे राहिले. मग माझ्या रॉडकडे, चिखलाच्या बुटांकडे, कपाळावरच्या लाल दिव्याकडे बघून म्हणाले, "एक विचारू? आमची मोटरीची थ्री फेज लाईट ह्या आठवड्यात रात्रीची. म्हनून यावं लागतं. बिबट्या असो, काय असो. सरकारला शिव्या देत येतो. आन् तुमी पैसे घालून येता?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. सत्तर वर्षांच्या माणसाने रात्री एकला काठी आणि मोबाइलच्या भरवशावर उसातून यायचं, कारण दिवसाच्या विजेची पाळी दुसऱ्याची आहे. आणि तोच माणूस मला म्हणतो साबण लावून येऊ नका. मला राग नक्की कशाचा आलाय ते मला चार दिवस ठरवता आलेलं नाही. काट्याचा आहे, एवढं नक्की. जाताना आबांनी आवर्जून सांगितलं, "पुढल्या शनवारी बी लाईट रात्रीचीच हाये. या. पोरगं लग्नाहून आलं तरी या."

घरी आलो तर भाच्याचे सतरा मेसेज. "काय झालं? आला का?"

लिहिलं, "वाम. दीड फूट. सोडून दिली."

"वा मामा! कॅच अँड रिलीज! प्राउड ऑफ यू! कशावर आली?"

थकलो होतो. खरंच लिहिलं, "फुटबॉल."

अमेरिकेत, मला आता कळलंय, फुटबॉल जिग नावाचा एक गळ मिळतो, डोकं त्यांच्या त्या लांबट चेंडूच्या आकाराचं, तळावरून खरडत न्यायचा. भाच्याचा लगेच फोन आला. आनंदाने त्याचा आवाज चिरकत होता. "फुटबॉल जिग? मामा, तुम्ही तर डायरेक्ट प्रो लेव्हलला गेलात! रंग कोणता?"

"गंजका," मी म्हणालो.

त्याने ऑर्डर केलाय.