फॉरवर्डमधला सिंह आणि आमच्या गोदामातलं सोयाबीन

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: धंदा चालवायला दरारा लागतो. नम्र माणसाला व्यापारी विकून खातो. खरा नेता एकदा ठरवलं की मागे फिरत नाही, आणि जगातल्या साऱ्या मोठ्या कंपन्या असल्याच वाघांनी उभ्या केल्या. विदर्भाचा माणूस साधाभोळा, म्हणून इथं उद्योग होत नाही. खाली सिंहाचा फोटो. (ताडोबा आपल्याकडं, वाघ आपला, आणि फोटो सिंहाचा. असो.)

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा, म्हणजे शेतकरीच सभासद असलेल्या कंपनीचा, मी पहिला अध्यक्ष होतो. दराऱ्याचा प्रयोग मी स्वतः करून बसलो आहे, म्हणून लिहितो.

'दरारा लागतो.' पहिल्या हंगामात आम्ही सभासदांचं सोयाबीन गोळा केलं. ट्रक भरायच्या दिवशी काट्यावरच्या हमालानं दोन दाणे दाताखाली धरले. वाळलेला दाणा कटकन फुटतो, हा नुसता चेपला. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पोतं उचललं. आदल्याच दिवशी मी एका पोऱ्याला सगळ्यांदेखत झापलं होतं, "तुले कोनं इचारलं?" म्हणून. ट्रक गेला. माल घेणाऱ्या कारखान्याच्या फाटकावर मीटर लावला तर ओलावा 12 टक्क्यांच्या मर्यादेच्या बराच वर. थोड्या मालाचा भाव कापला, बाकीचा परत आला. जाण्यायेण्याचं भाडं आमच्या डोक्यावर. नंतर हमालाला विचारलं तेव्हा म्हणाला, "भाऊ, मले तं भरतानाच मालूम होतं. पन तुमी आयकून घेता का?"

दराऱ्यानं माणसं हलतात, मान्य. पण ती वाईट बातमी सांगणं बंद करतात. आणि आमच्या धंद्यात रोज कामाची असते ती वाईट बातमीच: माल ओला आहे, बारदाना फाटका आहे, काटा चुकतोय. त्यात आमच्यासारख्या कंपनीचा कायदाही दराऱ्याच्या बाजूचा नाही. शेअर कितीही घ्या, सभासदाला मत एकच. पुढच्या वार्षिक सभेत ते मला नीट समजलं.

'नम्र माणसाला व्यापारी विकून खातो.' हे अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं मी लपवणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे आठवा. दीड एकराच्या धानात वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या निवडून त्यांनी एचएमटी तांदूळ तयार केला. त्या तांदळावर बाजारानं पैसा केला. दादाजींना पुरस्कार मिळाले, पैसा फारसा नाही. 2018 मध्ये ते गेले. पण त्यांच्यात नम्रता जास्त होती म्हणून हे झालं असं म्हणणं म्हणजे ज्याचं लुटलं त्यालाच दोष देणं. ते एकटे होते. वाणाचा हक्क सांभाळणारी संघटना त्यांच्या पाठीशी नव्हती.

संघटना असली की काय होतं ते माझ्या नंतरच्या अध्यक्षांकडं बघा. त्यांना सगळे काकू म्हणतात. निवडून आल्या त्या सभेत त्या एवढंच बोलल्या: "मले इंग्रजी कागद वाचता येत नाही. जो वाचन त्याच्याजवळ मी बसन." मागच्या बाकावर पोट्टे हसले. काकूंनी पहिली खरेदी केली ओलावा मोजायच्या मीटरची, आणि भिंतीवर लिहून घेतलं: 12 च्या वर एक पोतंही काट्यावर चढणार नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या सख्ख्या दिराची ट्रॉली आली. मीटर 14 वर.

"वहिनी, आपलाच माल हाय."

"म्हनूनच म्हनतो भाऊजी. वाळवून आना."

ट्रॉली परत गेली, दीर महिनाभर बोलले नाहीत. एक खरेदीदार ओल्या मालालाच रोख पैसे मोजायला तयार होता, तोही तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा काकूंनी चहा पाजला, हात जोडले आणि नाही म्हटलं. विकून खायला त्याला काही सापडलं नाही.

'मागे फिरत नाही' आणि 'मोठ्या कंपन्या वाघांच्या' हे दोन्ही मुद्दे एकाच माणसापाशी अडतात. डार्विन स्मिथ, अमेरिकेतल्या किंबर्ली-क्लार्क कंपनीतला अबोल, लाजरा वकील. 1971 मध्ये तो प्रमुख झाला आणि दोन महिन्यांत नाक-घशाचा कर्करोग निघाला. उपचार घेत घेत त्यानं काम चालू ठेवलं, आणि पुढं 1872 पासूनच्या या कंपनीच्या कागद गिरण्या विकायला काढल्या, किंबर्ली गावातलीसुद्धा. पैसा घातला क्लीनेक्सच्या कागदी रुमालात आणि हगीजमध्ये. तालुक्याच्या मेडिकलमध्ये लहान लेकरांच्या डायपरची पाकिटं लटकतात, त्यातलंच ते हगीज. शेअर बाजार तेव्हा त्याच्यावर नाराज होता. म्हणजे हा माणूस पूर्वजांच्या धंद्यावरून मागे फिरला, पण कंपनी चांगली करायची यावरून हलला नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं या दोन गोष्टींचा घोळ घातला आहे. माझ्या सोयाबीनचा ट्रकही मी कुणाला न विचारता, 'ठरवलं म्हणजे ठरवलं' म्हणूनच धाडला होता.

व्यवस्थापनावर लिहिणारे अमेरिकी लेखक जिम कॉलिन्स यांच्या अभ्यासगटानं 1,435 कंपन्या चाळून बरीच वर्षं उत्तम चाललेल्या 11 निवडल्या, आणि त्या 11 कंपन्यांच्या प्रमुखांत हेच मिश्रण सापडलं: स्वतःबद्दल कमी बोलणं आणि कामाबद्दल हट्ट. मात्र याचा ताईत करू नका. त्या 11 पैकी सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानसाखळीनं 2008 मध्ये दिवाळं काढलं आणि त्याच वर्षी फॅनी मे या गृहकर्जाच्या धंद्यातल्या कंपनीचा ताबा अमेरिकी सरकारला घ्यावा लागला.

राहिला साधाभोळा विदर्भ. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा बघा. शंभरेक घरं, निर्णय सर्वसहमतीनं. एकाचा जरी विरोध असला तरी ठराव थांबतो, पुन्हा बैठक बसते. मेसेजवाल्याला ही कमजोरी वाटेल. याच गावानं 2009 मध्ये 1,800 हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. पण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात, त्यामुळे स्वतःचा बांबू विकायची सोय नव्हती. गाव पाठपुरावा करत राहिलं. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हापासून बांबूचा सौदा ग्रामसभा स्वतः करते.

मेसेज काकूंनाही आला होता. त्यांनी मला फोन करून विचारलं, यात सोयाबीनच्या भावाचं काही लिहिलंय का.