वापरायला केलंय हो!

आमच्या घरात हाताने केलेली वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते. हा नियम कुणी घालून दिला कोण जाणे, पण तो न मोडण्याबाबत घरात कमालीचं एकमत आहे. एरवी आमटीत गूळ किती, यावरही आमचं जमत नाही.

क्रोशाची सुई पुन्हा हातात आली ती रुखवताच्या ट्रंकेमुळे. 2019 च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णामाईचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांपर्यंत गेलं, तेव्हा आम्ही गावभागात राहत होतो. ह्यांनी इन्व्हर्टर उचलला, मी कागदपत्रं उचलली आणि सासूबाई त्यांच्या ट्रंकेवर बसून राहिल्या. शेवटी ट्रंक माळ्यावर गेली. फ्रिज बुडाला, वॉशिंग मशीन बुडालं, रुखवत कोरडं ठाक राहिलं. पुढे आम्ही विश्रामबागेत आलो, ट्रंकही आली आणि इथल्या माळ्यावर चढली. यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत ती उघडली.

आत काय नव्हतं! ताटावरचे रुमाल, तांब्यावरचं मणी लावलेलं झाकण, हंसांचं तोरण, आणि टीव्हीवर टाकायचा एक भला मोठा रुमाल. आताच्या टीव्हीची जाडी पाहता तो रुमाल त्यावर टाकणं म्हणजे सुरीवर चादर वाळत घालणं. तळाशी बिस्किटाच्या डब्यात पांढऱ्या दोऱ्याचे गुंडे आणि स्टीलची बारीक सुई. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिकलेलं सगळं बोटांना आठवत होतं. साखळी, उंच टाक्याचा खांब, बुटक्या टाक्याचा मुका खांब. डोक्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, बोटं आपली चालू लागली.

तेव्हाच ठरवलं, रुमाल-तोरण काही करायचं नाही. घरच्यांच्या रोजच्या उपयोगाच्या छोट्या वस्तू करायच्या.

पहिली वस्तू, गरम भांडी उचलायच्या चौकोनी गाद्या. इथे थोडं शास्त्र आहे. लोकर म्हणून दुकानात जी रंगीबेरंगी मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते. ती तापलेल्या कढईला लावली की वितळते, म्हणून दोरा सुतीच हवा. शिवाय खांब उंच असतो, दोन खांबांमध्ये फट राहते आणि त्या फटीतून चटका थेट बोटाला. म्हणून सगळं मुक्या खांबात आणि दुहेरी विणायचं. इतकं सांभाळून केलेल्या गाद्या ओट्याशेजारी टांगल्या. दुसऱ्या दिवशी सुनेने कुकर उतरवला तो जुन्या बनियनच्या फडक्याने.

"अगं, गाद्या आहेत ना?"

"आई, त्या किती छान आहेत. हळदीचे डाग पडतील."

हळदीच्या गावात राहून हळदीची भीती! गाद्या शोकेसमध्ये गेल्या.

मग नातवाच्या पाण्याच्या बाटलीला जाळीची पिशवी केली. क्रोशाची वीण वजनाने लांबते, हे मला माहीत होतं. म्हणून पट्टा मुद्दाम आखूड ठेवला. पण पिशवी शाळेत गेलीच नाही. "हरवेल हो," असं म्हणून सुनेने त्यात मनीप्लांटची बाटली बसवली आणि खिडकीत टांगली. येणारे-जाणारे कौतुक करतात. नातू बाटली दप्तरात कोंबतो आणि वह्या भिजवून आणतो.

ह्यांनी निवृत्तीनंतर मिरजेहून तानपुरा आणला आहे. गाण्याबद्दल मी काही बोलणार नाही, शेजारी बोलतात तेवढं पुरे. पण तानपुऱ्याचा भोपळा फरशीवर घरंगळतो, तर त्याखाली ठेवायला जाडजूड चुंबळ विणली. ह्यांनी ती दोन्ही हातांत धरून बघितली, "वा!" म्हणाले, समेवर म्हणतात तसं, आणि शोकेसमध्ये गाद्यांच्या शेजारी ठेवली. भोपळ्याखाली अजूनही जुना पंचाच आहे.

राहिल्या सासूबाई. त्यांना चष्म्याचं घर करून दिलं. त्या चष्मा घालतात टीव्ही बघायला, पण माझी वीण तपासायला त्यांना चष्मा लागत नाही. बोट फिरवूनच निकाल.

"घट्ट आलंय. कुणावर राग काढलास?"

गंमत म्हणजे हे खरं आहे. दोरा तोच, सुई तीच, तरी हात आवळला की माप बदलतं. माझ्याकडे चहाच्या कपाखालच्या चकत्यांचा संच आहे. त्यातली सगळ्यात लहान चकती ह्यांनी न विचारता आठ पाहुणे जेवायला बोलावले त्या दुपारची.

चकत्यांचंही गणित असतं. मुक्या खांबाची गोल चकती सपाट हवी असेल तर सहा टाक्यांनी सुरुवात करून प्रत्येक फेरीत सहाच वाढवायचे. कमी वाढवले तर टोपी होते, जास्त वाढवले तर कडेला झालरी येतात. सासूबाईंच्या मते झालर आली की हात बिघडला. मी त्यांना सांगितलं, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना नावाच्या गणितज्ञ बाईंनी 1997 मध्ये मुद्दाम असे टाके वाढवत नेले आणि एका अवघड भूमितीतला वक्र पृष्ठभाग क्रोशावर विणून दाखवला. विद्यार्थ्यांना तो हातात धरून समजू लागला.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. "त्यांच्या घरी वापरतात का पण?" म्हणाल्या.

चष्म्याचं घर शोकेसमध्ये आहे. चष्मा पदराच्या टोकात बांधलेला असतो.

एवढं झाल्यावर मी डाव बदलला. जाड सुती दोऱ्याची एक भांडी घासायची घासणी विणली, बाजारच्या भाजीच्या पिशवीत टाकली आणि कोथिंबिरीबरोबर बाहेर काढली. "गणपती पेठेत मिळाली. वीस रुपये."

भांडीवाल्या मावशींनी त्याच संध्याकाळी त्या घासणीने पिठल्याची कढई घासली. दुसऱ्या दिवशी सुनेने मिक्सरचं भांडं घासलं. ह्यांनी, कधी नव्हे ते, स्वतःचा चहाचा कप घासला. मी आतल्या आत नाचत होते. तेवढ्यात सासूबाईंनी ओली घासणी उचलली, दोन बोटांनी ताणली, कडेवरून अंगठा फिरवला. मी श्वास रोखला.

"वीस रुपये दिलेस?" त्या म्हणाल्या. "क्रोशाचं काम अजून हातानेच चालतं, म्हणजे हे कुणीतरी बसून केलंय. पण काय ते काम! कड बघ कशी ओढलीय. तुझ्यासारखाच घट्ट हात आहे बाईचा."

"मग वापरू नको का?"

"वापर की! बाजारचंच आहे, त्याला काय होतंय?" त्यांनी घासणी बेसिनमध्ये टाकली. "जाशील तेव्हा अजून सहा आण. आणि पंधराला मागून बघ."