शिशाच्या खिडकीला सिलिकॉनची ट्यूब पुरत नाही

शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या रंगीत काचांच्या खिडक्यांबद्दल एक सल्ला सध्या खूप फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: अशी खिडकी कधीच उतरवावी लागत नाही, सगळं जागेवर होतं. काच जुनी झाली की ओघळते आणि खिडकी फुगते, तेव्हा फळी लावून फुगवटा दाबायचा. फटी सिलिकॉनने भरायच्या. तडकलेल्या तुकड्यामागे दुसरी काच चिकटवायची. शिसं तारेच्या ब्रशने घासून चमकवायचं आणि शेवटी बाहेरून पॉलिकार्बोनेटचा (कडक पारदर्शक प्लॅस्टिकचा) पत्रा ठोकून बंद करायचं.

यात थोडं खरं आहे, म्हणून बाकीचंही लोकांना पटतं. जागेवर दुरुस्ती होते, चांगली होते आणि पुष्कळदा तीच योग्य असते, कारण खिडकी काढताना आणि नेताना चांगल्या काचाही फुटतात. मध्ययुगीन रंगीत काचांचा अभ्यास करणाऱ्या कॉर्पस व्हिट्रेआरुम या आंतरराष्ट्रीय संस्थेची 2004 ची मार्गदर्शक तत्त्वंही कमीत कमी हस्तक्षेपाचा आग्रह धरतात. पण जागेवर काय जमेल हे शिशाच्या अवस्थेवर ठरतं. आपल्याला काय सोयीचं आहे, यावर नाही.

आधी ओघळणाऱ्या काचेबद्दल. काच खोलीच्या तापमानाला ओघळत नाही. ब्राझीलचे काचशास्त्रज्ञ एद्गर झानोत्तो यांनी 1998 मध्ये गणित मांडून दाखवलं की दिसण्याजोगं ओघळायला काचेला विश्वाच्या वयापेक्षाही कितीतरी जास्त काळ लागेल. पुढे मध्ययुगीन काचेच्या घटकांवरून झालेल्या अभ्यासात अब्ज वर्षांत जेमतेम एक नॅनोमीटर एवढाच आकडा निघाला. जुन्या काचा एका कडेला जाड असतात, कारण फुंकून आणि फिरवून केलेला तावच मुळात असमान असायचा.

हा गैरसमज निरुपद्रवी नाही. काच ओघळते असं मानलं की फुगवट्याचं खरं कारण कुणी शोधत नाही. ते कारण शिशात असतं. तापमान वाढलं की शिसं काचेच्या साधारण तिप्पट प्रसरण पावतं आणि थंड झाल्यावर पूर्णपणे मूळ जागी येत नाही. वर्षानुवर्षं हे चालतं आणि पट्टी हळूहळू ताणली जाते. खिडकीचं वजन पेलणाऱ्या लोखंडी आडव्या सळयांना ती तांब्याच्या तारांनी बांधलेली असते. त्या तारा तुटल्या, सळई गंजली किंवा पट्टीतली लांबी (काच आणि पट्टी यांच्यामधली फट भरणारा लगदा, म्हणजे पुट्टी) वाळून भुगा झाली, की आधार सुटतो आणि खिडकी पोट काढते.

अशा खिडकीला फळी लावून दाबलं तर काय होईल? शिसं लांब झालेलं आहे. त्या वाढलेल्या शिशाला चौकटीत जागाच नाही. काचा पट्टीच्या खाचेत सरकलेल्या आहेत आणि खाचेत वाळलेल्या लांबीचे खडे आहेत. दाब द्याल तिथे काचेची कड त्या खड्यांवर टेकते आणि तडकते. फुगवटा खरोखर काढायचा तर खिडकी उतरवून मेजावर आडवी ठेवायची, जुनी लांबी काढायची आणि हलक्या उबेत, हलक्या वजनाखाली तिला सावकाश बसू द्यायचं. घाई इथे चालतच नाही. फुगवटा थोडा असेल, वाढत नसेल आणि सांधे शाबूत असतील, तर त्याला हात न लावणंच शहाणपणाचं. नव्या तारांनी खिडकी सळईला आहे त्या आकारात बांधावी आणि फुगवटा वाढतो का यावर लक्ष ठेवावं. एवढं काम जागेवर होतं.

सांध्यांना डाख देणंही (सोल्डर वितळवून ते जोडणंही) जागेवर जमतं, पण ते जपून करायचं काम आहे. नेहमीचा 60-40 चा, म्हणजे साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिशाचा डाख 183 अंशांना वितळू लागतो, शिसं 327 ला. हा फरक पुरेसा वाटतो, पण झिजून पातळ झालेल्या पट्टीवर डाख देण्याचं गरम हत्यार जरा रेंगाळलं की पट्टीलाच भोक पडतं, शेजारची काचही तडकते. शिवाय उभ्या खिडकीवर डाख खाली ओघळतो. म्हणून सांधा आधी स्वच्छ खरवडायचा, फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचं द्रव्य) लावायचं आणि थोडासा डाख झटकन टेकवायचा. जवळजवळ प्रत्येक सांध्याच्या कडेला शिसं तुटलेलं दिसत असेल तर मात्र खिडकी उतरवणं अटळ आहे.

सिलिकॉनबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि शिसं गंजायला ते आम्ल पुरतं. पट्टीवर पांढरी भुकटी धरते, ती याच गंजाची. पुढे कुणाला नीट दुरुस्ती करायची झाली, तर काचेला घट्ट चिकटलेलं सिलिकॉन निघत नाही आणि उरलेल्या थरावर लांबीही धरत नाही. फटींसाठी खडूची भुकटी, उकळलेलं जवसाचं तेल आणि रंगापुरती काजळी यांची घट्ट लांबी मळावी, ती पट्टीच्या काठाखाली अंगठ्याने दाबून भरावी, जास्तीची कोरड्या खडूने टिपावी आणि वाळायला बरेच दिवस द्यावेत. संवर्धनाचं काम करणारे तज्ज्ञ तड्याच्या कडा जोडायला कधीकधी आम्ल न सोडणारं सिलिकॉन किंवा पातळ इपॉक्सी गोंद वापरतात, पण ते तड्याच्या रेषेत थेंबाथेंबाने. ट्यूब पिळून पट्ट्यांवर फासणं ही वेगळीच गोष्ट आहे.

तडकलेल्या तुकड्यामागे दुसरी काच चिकटवली की मधल्या फटीत ओल आणि धूळ कोंडते आणि रंग मंदावतो. खिडकी न उतरवता तुकडा बदलण्याची चांगली पद्धत आहेच. पट्टीचा छेद आडव्या एच अक्षरासारखा असतो, म्हणजे काच दोन काठांच्या मध्ये बसलेली असते. त्या तुकड्याभोवतीचे एका बाजूचे काठ कोपऱ्यातल्या सांध्यांजवळ चिरायचे आणि बोथट लाकडी किंवा हाडाच्या पट्टीने हळूहळू उभे करायचे. फुटकी काच काढायची, खाच लांबीपासून मोकळी करायची, जागेचा कागदी साचा घ्यायचा आणि काच त्याहून किंचित लहान कापायची. ती बसवून काठ परत मुडपायचे, कोपऱ्यांना डाख द्यायचा, लांबी भरायची. पहिलाच काठ उचलताना शिसं मऊपणे वाकलं तर काम पुढे न्यायचं. चिरलं तर तिथेच थांबायचं. आणि मूळ तुकड्यावर चित्र रंगवलेलं असेल तर तो फेकू नये. दोन तुकडे जोडून परत बसवता आले तर नव्या काचेपेक्षा ते केव्हाही बरं.

तारेचा ब्रश तर नकोच. शिशावरचा करडा थर त्याला वाचवतो, आणि ब्रश निसटला तर काचेवरचं भाजून पक्कं केलेलं रेखाटन खरवडलं जातं. हे रेखाटन बहुधा आतल्या बाजूला असतं. अमोनियाचे क्लीनरही त्याला घातक. शुद्ध पाणी आणि कापसाचे बोळे पुरतात, तेही रंग पक्का आहे याची खात्री करून.

बाहेरून पूर्ण बंद केलेला पॉलिकार्बोनेटचा पत्रा उष्णता आणि दमटपणा आत कोंडतो. शिसं आणखी तापतं, काचेवर पाणी धरतं आणि काही वर्षांत पत्रा पिवळा पडतो. दगडफेक किंवा वादळापासून संरक्षण हवंच असेल तर वर आणि खाली हवा खेळती राहील अशी जागा सोडून ते बसवावं.

कोरडं घासण्याचा सल्ला देणाऱ्यांनी शिशाच्या धुळीचा उल्लेखसुद्धा केलेला नाही. ही धूळ आणि ती पांढरी भुकटी विषारी आहे. ती ओल्या फडक्याने टिपायची, साध्या व्हॅक्यूमने ओढायची नाही. हातमोजे आणि धुळीसाठीचा योग्य मास्क लावायचा, खाण्यापूर्वी हात धुवायचे, कामाचे कपडे वेगळे धुवायचे, आणि खोली पुसून होईपर्यंत लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांना तिथे येऊ द्यायचं नाही.