लाकडी रोलर कोस्टर, गड्ड्यातले पाळणे आणि एक धोकादायक मेसेज

सध्या सोलापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. वर फोटो आहे, झाडाझुडपांत बुडालेला, रंग उडालेला लाकडी रोलर कोस्टर. खालच्या मजकुराचा सारांश असा: अमेरिका-इंग्लंडात काही रिकामटेकडे लोक बंद पडलेले शंभर वर्षांचे लाकडी कोस्टर वाचवायला वर्गण्या काढतात, लाकूड वीस वर्षांत सडतं, म्हणून असा एकही कोस्टर पुन्हा सुरू झालेला नाही, जगभर लाकडी कोस्टरवर बंदी आली आहे, खर्च शेवटी जनतेच्याच खिशातून जातो, आणि ‘आपल्या गड्ड्यातले पाळणे लोखंडी आहेत, म्हणून शंभर टक्के सुरक्षित, पोराबाळांना घेऊन बिनधास्त बसा’. मग ‘जास्तीत जास्त शेअर करा’. (गड्डा म्हणजे सोलापुरात होम मैदानावर भरणारी सिद्धेश्वराची जत्रा.)

आमच्या दाजींनी तो माझ्या भाच्याला पाठवला. भाचा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टसाठी त्यानं लाकडी कोस्टरच्या रुळाचा विषय घेतलाय. दाजींनी मेसेजखाली लिहिलं, ‘वाच, आणि विषय बदल.’ पोरगा दोन दिवस गप्प होता. माझं आयुष्य यंत्रमागांच्या दुरुस्तीत गेलंय. लाकूड, लोखंड, नट-बोल्ट याबद्दल कुणी असं बेधडक खोटं लिहिलं आणि ते घरात येऊन पोचलं, तर मला गप्प बसवत नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो. ‘लोखंडी म्हणजे सुरक्षित.’ हे कुणी आणि कशाच्या जोरावर लिहिलं?

३० जून २०२३. अमेरिकेत शार्लट शहराजवळ कॅरोविंड्स नावाचं पार्क आहे. तिथला फ्युरी ३२५ हा कोस्टर सबंध पोलादी, ३२५ फूट उंच, २०१५ साली सुरू झालेला, म्हणजे तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा. पार्कात आलेल्या एका माणसाची नजर वर गेली आणि त्याला दिसलं की आधाराच्या एका जाडजूड खांबाला आरपार भेग पडली आहे. गाडी त्या वळणावरून गेली की खांबाचा वरचा भाग खालच्या भागापासून बाजूला सरकायचा, गाडी गेली की परत जागेवर यायचा. गाडीत माणसं बसलेली होती. त्या माणसानं व्हिडिओ काढला, पार्कला कळवलं, तेव्हा कुठं कोस्टर बंद झाला. इतक्या मोठ्या पार्कात, इतक्या नव्या पोलादी खांबाची भेग एका पाहुण्यानं दाखवून द्यावी लागली. तो व्हिडिओ अजून बघायला मिळतो. मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकानं तो एकदा बघावा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

दुसरं उदाहरण इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्स या पार्कचं. स्मायलर हा कोस्टरही पोलादीच. २ जून २०१५ ला सोळा माणसांनी भरलेली गाडी रुळावर अडकलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुण मुलींना एकेक पाय गमवावा लागला. पोलादाचा तिथं काहीही दोष नव्हता. संगणकानं गाडी बरोबर थांबवली होती. पुढे रिकामी गाडी उभी आहे हे कामगारांच्या लक्षात आलं नाही आणि त्यांनी ती यंत्रणा बाजूला सारून गाडी पुढे सोडली. कोर्टानं पुढच्या वर्षी मर्लिन या चालक कंपनीला ५० लाख पौंड दंड केला, तो कामाची पद्धत निष्काळजी होती म्हणून. रूळ कशाचा आहे हा तिथं प्रश्नच नव्हता.

आता गड्ड्याकडे या. फ्युरी ३२५ निदान एका जागी पक्क्या पायावर उभा होता. होम मैदानावर येणारे पाळणे ट्रकमधून येतात, थोड्या दिवसांत उभे होतात, यात्रा संपली की सुटे होऊन पुढच्या गावी जातात. जोडणी-सोडणी जितकी जास्त, तितक्या पिना झिजतात, बोल्टचे आटे जातात, वेल्डिंगवर ताण येतो. लोखंडाची एक खोड आहे, ते आतून थकत जातं आणि बराच काळ बाहेर काही दिसू देत नाही. केसाएवढी भेग रंगाच्या थराखाली लपते, आणि आपल्याकडे दर यात्रेआधी पाळण्यांना नवा झगझगीत रंग मारतात. म्हणून भेग शोधायला वेल्डवरचा रंग खरवडून रंगद्रव्य लावून बघावं लागतं, नाहीतर ध्वनिलहरींची तपासणी करावी लागते. नुसती नजर टाकून भागत नाही.

आणि ज्यांना लाकूड म्हटलं की भीती वाटते त्यांनी आकाशपाळण्याच्या पायथ्याशी वाकून बघावं. मैदानाची जमीन सपाट नसते, म्हणून लोखंडी पायाखाली लाकडी ठोकळे रचून तो लेव्हलला आणतात. पाळण्याचा सगळा भार त्या ठोकळ्यांवर असतो. त्यात काही गैर नाही, ठोकळे धड असले आणि कुणी रोज तपासत असलं तर. कधी पाऊस झाला, माती मऊ पडली, तर पाळणा सुरू करायच्या आधी ते पुन्हा बघायला हवेत. तेव्हा बसायच्या आधी विचारायचं ते हे: तपासणीचा कागद आहे का, सकाळी पिना कुणी बघितल्या, पाळण्याच्या डब्याची कडी नीट बसते का. असं विचारणाऱ्या आईबापाला ‘लोखंडी आहे, बसा बिनधास्त’ म्हणून गप्प करणारा हा मेसेज आहे. दाजी, माझा राग नेमका या ओळीवर आहे.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य करतो. लाकडी कोस्टरचेही अपघात झालेत. ओहायोतल्या किंग्ज आयलंड पार्कात सन ऑफ बीस्ट नावाचा अवाढव्य लाकडी कोस्टर होता. जुलै २००६ मध्ये त्याच्या सांगाड्यातलं लाकूड मोडलं, रुळात खळगा पडला, गाडीला जबर हिसका बसून २७ जण जखमी झाले. पुढे तो बंद पडला आणि २०१२ साली पाडला. पण तो होता २००० सालचा, म्हणजे अपघाताच्या वेळी सहा वर्षांचा. त्याच पार्कात १९७९ चा बीस्ट आहे, तोही लाकडीच, आणि तो आजही माणसं घेऊन धावतो. त्यामुळे ‘लाकूड जुनं झालं म्हणून मोडलं’ या म्हणण्याला या अपघाताचा काडीचा आधार मिळत नाही.

‘लाकूड वीस वर्षांत सडतं.’ दुर्लक्ष केलं तर सडतं, हे खरंच आहे. पण लाकडी कोस्टर म्हणजे एकदा ठोकून उभी केलेली आणि मग विसरलेली चौकट नव्हे. त्याचा रूळ म्हणजे एकावर एक बसवलेले फळ्यांचे थर, आणि वरच्या थरावर, चाक जिथं टेकतं तिथं, पोलादाची चपटी पट्टी. गाडीला तीन तऱ्हेची चाकं असतात: वरून चालणारी, बाजूनं धरणारी आणि खालून रुळाला पकडणारी. ही खालची चाकं जॉन मिलर या अमेरिकन माणसानं आणली, त्यांचं पेटंट १९१९ चं. त्यांच्यामुळे गाडी उसळली तरी रूळ सोडत नाही. गाडी जाताना सांगाडा हलतो, करकरतो, कारण त्यानं थोडं वाकून धक्का पोटात घ्यावा अशीच त्याची रचना आहे. रोज सकाळी पार्क उघडायच्या आधी माणसं रुळावरून पायी चालत जातात, सैल बोल्ट आवळतात, चिरलेली फळी शोधतात. फळी खराब निघाली की तेवढी फळी बदलतात.

सोलापुरात हे समजावून सांगावं लागू नये. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला टोला देणारी काठी लाकडाची असते, दिवसभर टोले खाते, झिजते, तडकते. ती तडकली म्हणून कुणी माग भंगारात घातला का? काठी बदलतो आणि माग चालू करतो. कित्येक मागांत मूळचं लाकूड औषधालाही उरलेलं नसतं, तरी माग तोच असतो.

‘एकही पुन्हा सुरू झालेला नाही.’ हे धडधडीत खोटं आहे आणि एका उदाहरणात खोटं ठरतं. कॅलिफोर्नियात सॅन दिएगो शहराच्या मिशन बीचवर जायंट डिपर आहे. ४ जुलै १९२५ ला सुरू झाला, १९७६ मध्ये बंद पडला. मोडकळीला आला, बेघर लोक आसऱ्याला येऊ लागले, आगी लागल्या, पाडायचं घाटत होतं. तेव्हा गावातल्या लोकांनी ‘सेव्ह द कोस्टर कमिटी’ काढली. या कमिटीनं नुसती हळहळ व्यक्त केली नाही, तर १९७८ मध्ये कोस्टरचं नाव अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत घालून घेतलं. १९८७ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. ऑगस्ट १९९० मध्ये गाडी पुन्हा धावली. मधे जवळजवळ चौदा वर्षं तो बंद होता, समुद्राच्या खाऱ्या हवेत, लाकडाचा सांगाडा. मेसेजच्या हिशोबानं तो कधीच माती व्हायला हवा होता. आज तो शंभरी ओलांडून उभा आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं या एका नोंदीचं उत्तर द्यावं, बाकी मी सोडून देतो.

बाकीही आहेतच. पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनाचा लीप द डिप्स १९०२ चा, जगात उभा असलेला सगळ्यात जुना रोलर कोस्टर. १९८५ ला बंद झाला, लोकांनी पैसे जमवून दुरुस्त केला, १९९९ मध्ये पुन्हा सुरू झाला. इंग्लंडमध्ये मार्गेटच्या ड्रीमलँडची सीनिक रेल्वे १९२० ची. ती वाचवायची मोहीम सुरू असतानाच २००८ मध्ये कुणीतरी आग लावली आणि मोठा भाग जळाला. तरी लोक मागे हटले नाहीत, आणि २०१५ मध्ये ती पुन्हा धावली. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा सायक्लोन १९२७ चा. मत्स्यालय वाढवायला तो पाडणार होते, लोक आडवे आले आणि १९७५ मध्ये तो दुरुस्त होऊन चालू झाला. सायक्लोनचा सांगाडा पोलादी आहे आणि फक्त रूळ लाकडी, त्यामुळे त्याला शंभर टक्के लाकडी म्हणता येणार नाही, एवढं मेसेजवाल्यांना देऊन टाकतो.

फोटोचं तर बोलायलाच नको. तो अमेरिकेचाही नाही आणि शंभर वर्षं जुनाही नाही. मागे डिस्नेलँडची नक्कल केलेला किल्ला दिसतोय, ते जपानमधलं नारा ड्रीमलँड. तो कोस्टर आस्का, १९९८ साली बांधलेला. पार्क २००६ ला बंद पडलं आणि काही वर्षांनी सगळंच पाडलं.

जागतिक बंदी वगैरे काही नाही. ज्या आल्टन टॉवर्समध्ये पोलादी स्मायलरचा अपघात झाला, त्याच पार्कानं २०१८ मध्ये नवा लाकडी कोस्टर, विकर मॅन, सुरू केला.

पैशाचा मुद्दा अर्धा खरा आहे. मार्गेटमध्ये सरकारी पैसा आणि लॉटरीतून येणारा वारसा निधी लागला. सॅन दिएगोत मात्र दुरुस्ती खाजगी कंपनीनं केली. आणि गावाच्या वारशावर सार्वजनिक पैसा खर्च होणं ही काही चोरी नाही. आपल्या पालिकेनं इंद्रभुवन या तिच्या जुन्या इमारतीची डागडुजी केली, तेव्हा मला तरी आनंदच झाला होता. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी लाइन ब्रॉडगेज झाली, ते गरजेचं होतं. पण तिचा एखादा तुकडा, एखादं इंजिन, आपल्या जिल्ह्यात चालतं ठेवायला हवं होतं, आणि त्यासाठी पैसा गेला असता तर तो सत्कारणी लागला असता असं मला मनापासून वाटतं.

राहिले ‘रिकामटेकडे’. या लोकांना नेहमी यश येतं असं नाही. ओहायोतल्या जॉगा लेकचा बिग डिपर १९२५ चा. पार्क २००७ मध्ये बंद झालं, लोकांनी बरीच वर्षं धडपड केली, तरी २०१६ मध्ये तो पाडला. कॉनिऑट लेक पार्कचा ब्लू स्ट्रीक स्वयंसेवकांनी पुन्हा पुन्हा उभा केला, तोही २०२२ च्या जानेवारीत गेला. पण हे काम किती चिवट असतं ते बघायचं तर फीनिक्सची गोष्ट वाचा. टेक्ससमध्ये सॅन अँटोनियोच्या प्लेलँड पार्कात १९४७ चा रॉकेट नावाचा कोस्टर होता. पार्क १९८० मध्ये बंद पडलं आणि कोस्टर बेवारस उभा राहिला. पेनसिल्व्हेनियातल्या नोबल्स पार्कच्या मालकांनी तो विकत घेतला. मूळ नकाशे मिळेनात. तेव्हा त्यांच्या माणसांनी उतरवलेल्या प्रत्येक लाकडाला नंबर टाकला, त्याची नोंद केली, तो ढीग ट्रकांतून देशाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि नंबराबरहुकूम पुन्हा जोडला. १९८५ च्या जूनमध्ये तो सुरू झाला. जगातल्या सगळ्यात चांगल्या लाकडी कोस्टरमध्ये त्याची आजही गणना होते. भाच्याच्या प्रोजेक्टमध्ये याच कोस्टरच्या पहिल्या उताराचा नमुना आहे, आणि त्याच्या प्रत्येक काडीवर त्यानं बारीक अक्षरात नंबर घातलाय.