वाफ्यात पाय देऊ नये

आज सकाळी साडेसातला शेजारचे काका माझ्या वाफ्यात उभे होते. वाफ्याजवळ नाही, वाफ्यात. मधोमध. चपलांसकट.

हा वाफा म्हणजे माझे दोन रविवार आणि एक कंबर. बागकाम येत नाही पण फुलं आवडतात, एवढ्याच भांडवलावर सुरू केलं होतं. कंपाउंडच्या भिंतीलगत दहा फूट बाय चार फूट जागा आखली, फूटभर खोल खणली, हराळीच्या मुळ्या उपसल्या, वर दोन इंच शेणखत घालून कालवलं. काल संध्याकाळी मूठभर माती दाबून बघितली, तर गोळा झाला आणि बोट लावताच फुटला. असंच व्हायला हवं असतं म्हणे. मी तो फुटलेला गोळा नवऱ्याला नेऊन दाखवला. तो "बरं" म्हणाला.

तर त्या मातीत काका.

"वाफ्याची पहिली गोष्ट काय, माहितीये?" त्यांनी विचारलं. "वाफ्यात कधी पाय द्यायचा नाही."

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. त्यांनीही माझी नजर जिकडे गेली तिकडे बघितलं आणि समाधानाने मान हलवली.

"का? तर माती दडपते." हे म्हणताना उजवा पाय आपटला. "मातीत हवा असते, मुळांना ती लागते." डावा पाय. "ती गेली की पाणी मुरत नाही, वरच साचतं. मुळं कुजतात." दोन्ही पाय.

"काका, इकडे फरशीवर या ना, तिथे ऊन लागेल."

"छे गं, कोवळं ऊन आहे. चांगलं असतं."

आता वडीलधाऱ्या माणसाला "बाजूला व्हा" कसं म्हणायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून मी डोकं लढवलं आणि आतून खुर्ची आणली. फरशीवर ठेवली, जरा खडखडाट करूनच ठेवली. काका आले, "कशाला त्रास घेतलास" म्हणाले, खुर्ची उचलली आणि वाफ्यात नेऊन बसले. चारही पाय वीतभर आत गेले. "माती मात्र छान भुसभुशीत केलीयेस," खालून आवाज आला.

मग माझा आराखडा मागितला. आलेखाच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी काढलेला. मागे उंच झेंडू, मध्ये झिनिया, पुढे बुटका झेंडू, कडेला चिनी गुलाब. (झेंडूच्या पाकिटांवरून आठवलं. उंच जातीवर 'आफ्रिकन' लिहिलेलं, बुटक्यावर 'फ्रेंच'. दोन्ही मूळचे मेक्सिकोचे. ज्या पाकिटावर फुलाचा गावसुद्धा खरा नाही, त्यावरच्या फोटोवर मी विश्वास ठेवला.) एका चौकोनाला सहा इंच धरून प्रत्येक रोपाला जागा दिली होती. उंच झेंडूला फूटभर, बुटक्याला दीड चौकोन. त्या दीड चौकोनापायी तीनदा खोडलं होतं.

काकांनी कागद लांब धरून बघितला.

"भिंतीकडच्या झेंडूपर्यंत हात कसा पोचणार?"

"म्हणजे?"

"रुंदी चार फूट. हात पुरतो दोन-अडीच. पलीकडून भिंत. तण काढायला, सुकलेली फुलं खुडायला आत उतरावंच लागेल. आणि वाफ्यात तर..." पाय वर उचलला, "पाय द्यायचा नाही."

सगळ्यात जास्त राग याचाच आला, की ते बरोबर होते. चार फूट मी वाचलं होतं. 'दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर' हा त्याच वाक्याचा पुढचा तुकडा मी वाचला नव्हता. पण चूक दाखवणाऱ्याने निदान चुकीच्या बाहेर उभं राहून दाखवावी!

"आणि ऊन?" काका. "झेंडूला सहा तास तरी ऊन हवं."

हे ऐकल्यावर मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. गेल्या रविवारी मी वही घेऊन तासातासाला ऊन मोजलं होतं. भरलं साडेचार तास. अकरानंतर वाफ्यावर जी सावली पडते ती काकांच्या बकुळीची आहे. तिच्या फांद्या भिंतीवरून माझ्याकडे आल्याला तीन वर्षं झाली. दोनदा बोलून झालं. दर वेळी "बघू पावसाळ्यानंतर". कुठल्या पावसाळ्यानंतर, ते सांगत नाहीत. बकूळ त्यांची, सावली माझी, पडलेला पाला झाडायचा तोही मीच, आणि वर उन्हाचा हिशोब मला विचारायचा.

"ऊन कमीच पडतं काका, तुमच्या बकुळीमुळे," मी म्हटलं. शक्य तितकं गोड.

काकांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मग सावलीतली झाडं लाव की," ते म्हणाले आणि उठले. खुर्ची तशीच राहिली, उजवीकडे कललेली. जाताना सरळ जायचं सोडून वाफ्याच्या लांबीने गेले. मी नंतर मोजले, अकरा ठसे. चपलेच्या तळाची नक्षी इतकी स्वच्छ उठली होती की डाव्या टाचेला झीज जास्त आहे, हेही कळत होतं.

मी खुर्ची उपसत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून त्यांचं डोकं वर आलं.

"अगं, आणि बी टाकायच्या आधी एकदा परत खणून घे. फार दडपलीये माती."