दूध असं एकदम आटत नाही
एका लेखात वाचलं की बाळंतपणानंतर ऑफिस सुरू झालं की आईचं दूध आटतं, पण तसं नसतं हो, बाळ जेवढं ओढेल किंवा पंपाने जेवढं काढाल तेवढं पुढे बनत राहतं, छाती भरलेलीच ठेवली तर मात्र कमी होत जातं. माझी वहिनी विरारहून चर्चगेटला जायची, दुपारी स्टोअररूमचं दार लावून पंप करायची आणि बाटली फ्रीजमध्ये डब्यांच्या मागे, वर कागद गुंडाळून, नाहीतर कोणीतरी चहात घातलं असतं! रात्रीचं पाजणं सोडू नका, तेव्हा प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवणारं हार्मोन, जास्त असतं. अंगावरचं तोडल्यावरही काही आठवडे, कधी महिनेसुद्धा दाबलं की थेंब येतात, ते नॉर्मल आहे, पण रक्त दिसलं किंवा गाठ लागली तर लगेच डॉक्टरकडे जा. ज्यांना भरपूर येतं त्यांनी मुंबईतल्या सायन हॉस्पिटलच्या मिल्क बँकेत, म्हणजे जिथे आईचं दूध दान करता येतं तिथे, विचारा ना, १९८९ मध्ये सुरू झालीये ती.