तारखेची बंदी आणि रोजचा नकार

जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले चार समुद्राचे: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. विजयदुर्ग सोडला तर बाकी तिघांकडे होडीशिवाय जाता येत नाही. बातमीचा आनंद झाला, पेढ्यांचे फोटो आले, आणि आठवड्याभरात आमच्या घरच्या ग्रुपवर जुनं भांडण नव्याने पेटलं.

पुण्याच्या पुतण्याने सुरुवात केली. "काका, तुम्ही ग्रीसमध्ये स्वतः होडी चालवलीत. लायसन्सपण लागलं नाही. मग आपल्याच किल्ल्यावर आपण स्वतः होडी घेऊन का जायचं नाही?" त्यावर आत्याचं उत्तर लगेच आलं: "नीलकमल विसरलास? आधी आहेत त्या होड्या बंद करा म्हणावं." तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला. १५ जण गेले. धडक देणारी बोट दुसऱ्याची होती हे खरं, पण नीलकमलचा परवाना ८४ प्रवासी आणि सहा खलाशांचा होता आणि बोटीवर शंभराहून जास्त माणसं होती, हेही तितकंच खरं.

मी मूळचा मालवणकडचा, राहतो जर्मनीत, आणि उन्हाळ्यात संधी मिळेल तेव्हा ग्रीसच्या पश्चिमेच्या आयोनियन बेटांवर जातो. माझ्या फोटोंवरूनच हा वाद निघाला, म्हणून माझं मत सविस्तर मांडतो. मला पुतण्याचंही पटत नाही आणि आत्याचंही. दोघांचाही समज असा, की प्रश्न परवानगी द्यायची की काढून घ्यायची एवढाच आहे. तिथे राहून, तिथल्या होडीत बसून मला दिसलं ते वेगळंच.

युरोपात एकच एक नियम आहे असं आपल्याकडे बरेचजण धरून चालतात. तसं नाही. ग्रीसमध्ये ३० अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनाची छोटी होडी परवान्याविना भाड्याने मिळते. स्पेनमध्ये परवान्याविना फक्त पाच मीटरपर्यंत लांबीची आणि १५ अश्वशक्तीची, तीही दिवसाउजेडी आणि बंदरापासून दोन सागरी मैलांच्या आत. जर्मनीत १५ अश्वशक्तीच्या वर गेलात की परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. क्रोएशियात भाड्याच्या मोटरबोटीला परवाना हवाच. ज्याने त्याने आपलं पाणी बघून नियम केला आहे. म्हणून "तिकडे चालतं" या वाक्याला काही अर्थ नाही. तिकडे म्हणजे कुठे, हे आधी सांगावं लागतं.

माझं तिकडे म्हणजे पाक्सोस. कॉर्फूच्या दक्षिणेला जेमतेम दहा किलोमीटर लांबीचं बेट, ऑलिव्हच्या झाडांनी भरलेलं. गायोस, लोगोस आणि लाका ही तिथली तीन छोटी बंदरं. त्याच्याखाली अँटिपाक्सोस नावाचं आणखी छोटं बेट, आणि त्याच्या किनाऱ्यावर वूतूमी आणि व्रीका या पुळणी. पाणी इतकं नितळ की होडीची सावली खालच्या वाळूवर पडलेली दिसते. सकाळी धक्क्यावरून पाच मीटरची होडी घ्यायची, मुलांना बसवायचं, डबा आणि पाणी ठेवायचं आणि आपलं आपण जायचं. कुठे थांबायचं, किती वेळ पोहायचं, कोणत्या खोबणीत नांगर टाकायचा, हे कुणी सांगायला नाही. या मोकळेपणाचं मोल मला पूर्ण मान्य आहे. पुतण्याला तेच हवं आहे आणि त्याने ते मागणं रास्त आहे.

पण त्या मोकळेपणाच्या आधीचा अर्धा तास फोटोत येत नाही. भाड्याने देणारा माणूस स्वतः होडीत उतरतो. इंजिन कसं चालू करायचं, मागे कसं घ्यायचं, हे तुमच्याकडून करवून घेतो. सुकाणूपाशी बसणाऱ्याच्या मनगटाला किंवा पायाला एक लाल दोरी अडकवतो. माणूस पाण्यात पडला तर दोरी निघते आणि इंजिन जागीच बंद पडतं, म्हणजे पंखा त्याच्या अंगावर येत नाही. नांगर वाळूवर टाकायचा, समुद्री गवतावर नाही, आणि दोर पाण्याच्या खोलीच्या तीन-चार पट सोडायचा, हे दाखवतो. लाइफ जॅकेटं मोजतो, मुलांची वेगळी. मग नकाशा काढून पेनाने रेघ मारतो: इथपर्यंत जा, याच्यापुढे नको. खडक कुठे आहेत तिथे फुल्या. तटरक्षकांचा १०८ क्रमांक आणि त्याचा स्वतःचा नंबर. शेवटी करारावर सही आणि अनामत. खडकाला लावून पंखा वाकवलात तर भरपाई तुमची.

आणि या सगळ्याच्या आधी, अगदी पहिल्यांदा, तो आकाशाकडे आणि हवामानाच्या अंदाजाकडे बघतो.

आयोनियन समुद्रात उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो. तिकडे त्याला मायस्ट्रो म्हणतात. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी तीन वाजेपर्यंत उसळायला लागतं. बेटाची पश्चिम बाजू म्हणजे उंच पांढरे कडे आणि त्यांच्या पायथ्याच्या निळ्या गुहा. सगळ्यांना जायचं असतं तिकडेच, आणि वारा सुटला की आसरा नाही तोही तिकडेच. त्यामुळे कधी पेनाची रेघ पश्चिमेला पूर्ण बंद करते, कधी "दोनच्या आत परत" अशी अट येते, आणि कधी होडी मिळतच नाही. मला असा नकार मिळालेला आहे, ऐन ऑगस्टात, हॉटेलचे पैसे चालू असताना. त्याने आगाऊ घेतलेली रक्कम न मागता परत केली. शेजारच्या दुकानात गेलो असतो तरी उपयोग नव्हता; त्या दिवशी धक्क्यावरची एकही भाड्याची होडी हलली नाही.

माझ्या मते पाक्सोसच्या मोकळेपणाचा पाया हा आहे. कायदा सैल आहे म्हणून ती सहल सुरक्षित होत नाही. रोज सकाळी कुणीतरी "आज नाही" म्हणू शकतो, आणि तसं म्हटल्याने त्याचं गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जात नाही, म्हणून होते.

आता मालवणकडे या. आपल्याकडे बंदी आहे, आणि ती तारखेची आहे. मे महिना संपता संपता सिंधुदुर्ग किल्ल्याची प्रवासी वाहतूक आणि जलक्रीडा बंद होतात, त्या ऑगस्टअखेरपर्यंत. पावसाळ्यापुरतं हे योग्यच आहे. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय दर्यात न जाणाऱ्या पूर्वजांनी हेच वेगळ्या रीतीने पाळलं होतं. अडचण आहे ती तारखेच्या अलीकडच्या पंधरवड्यात. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात शाळांना सुट्टी, मुंबई-पुण्याची गर्दी टिपेला, आणि धंद्याचे शेवटचे दिवस. नेमका तेव्हाच वारा नैर्ऋत्येचा होतो आणि समुद्र फिरायला लागतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करून परतणारी पर्यटकांची होडी किनारा जवळ असताना उलटली आणि दोघांचा जीव गेला. कागदावर तो दिवस चालू हंगामातला होता. समुद्राच्या दृष्टीने हंगाम संपत आला होता.

माझा चुलतभाऊ होडी चालवतो. त्याला हे सगळं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. वाऱ्याची दिशा, भरतीची वेळ, कोणत्या खडकावर पाणी कधी फुटतं, हे त्याला नकाशाशिवाय माहीत आहे. पाक्सोसच्या त्या दुकानदाराला तो चार गोष्टी शिकवेल. त्याला मी विचारलं, की अशा दिवशी तू नाही का म्हणत नाहीस? तो म्हणाला, "मी नाय म्हटलंय तर गिराईक बाजूच्या होडयेत जाऊन बसतलां." त्याच्याकडे ज्ञान आहे, डोळा आहे, हिंमत आहे. नाही म्हणायची ऐपत मात्र त्याला कुणी दिलेली नाही. नऊ महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढणाऱ्या माणसाने शेवटच्या आठवड्यात धंदा सोडायचा आणि तो शेजाऱ्याला जाताना बघायचा, ही अपेक्षा त्याच्या एकट्याकडून करणं मला अन्यायाचं वाटतं.

अपघात झाला की आपली चर्चा जॅकेटांवर येऊन थांबते. जॅकेट हवंच, त्यावर दुमत नसावं. पण जॅकेट म्हणजे शेवटची तजवीज, सगळं बिघडल्यानंतरची. होडी सोडायची की नाही, किती माणसं घ्यायची, हा निर्णय त्याच्या कितीतरी आधीचा, आणि त्याबद्दल आपण बोलत नाही.

पुतण्याला मात्र मला स्पष्ट सांगायचं आहे: खुल्या समुद्रातल्या किल्ल्यांना स्वतः होडी चालवत जायची मागणी सोडून दे. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. पाक्सोसच्या धक्क्यावर सकाळी आणि संध्याकाळी पाण्यात फरक पडला तर वीतभर. मालवणला उधाणाच्या भरतीत पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं, मुंबईला त्याच्या जवळपास दुप्पट. सकाळी ज्या खडकावरून होडी सहज गेली तोच दुपारी तळाला लागतो. सिंधुदुर्गाच्या भोवती असे खडक किती आहेत हे तिथल्या माणसालाच ठाऊक. महाराजांनी ती जागा निवडली ती त्यासाठीच. शिवाय आपल्याकडे अरबी समुद्राच्या लाटा थेट येतात, अडवायला पुढे बेटांची रांग नाही. इथे तांडेल, म्हणजे होडी चालवणारा जाणता माणूस, लागतो, आणि त्याला बाजूला सारून आपण मोकळे होणार नाही, फक्त अडाणी होऊ.

खाड्यांची गोष्ट निराळी. कर्लीच्या खाडीत, दाभोळच्या खाडीत, वाशिष्ठीच्या आतल्या वळणांवर वल्ह्याच्या किंवा अगदी कमी ताकदीच्या होड्या लोकांना स्वतः चालवायला द्याव्यात, असं मला मनापासून वाटतं. मगरी कुठे आहेत ते वाशिष्ठीकाठच्या माणसांना माहीत असतं. रेघ तीच मारतील. कर्लीत देवबागच्या संगमाकडे मात्र जाऊ देऊ नये, कारण ओहोटीला तिथलं पाणी समुद्राकडे जोरात ओढतं. भरती चढत असताना सोडायचं, ओहोटी लागायच्या आत परत बोलवायचं. पाक्सोसच्या पेनाची रेघ इथे चालेल, फक्त ती घड्याळ बघून मारावी लागेल.

आत्यालाही एक सांगायचं आहे. जर्मनीत रुगेन बेटावर बिन्झ इथे १९१२मध्ये लाकडी धक्का कोसळला, माणसं पाण्यात पडली आणि बुडाली, कारण बहुतेकांना पोहता येत नव्हतं आणि वाचवता येणारे फार थोडे होते. लोकांनी धक्के बंद करायला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी, १९१३मध्ये, जीवरक्षकांची संस्था उभी राहिली. ती आज देशभर पोहायला शिकवते. माझ्या मुलीने समुद्रघोड्याचा बिल्ला मिळवला तेव्हा तिला पंचवीस मीटर पोहून दाखवावं लागलं होतं. ग्रीसमध्येही अपघात होतात: ऑगस्ट २०१६मध्ये अजायना बेटाजवळ स्पीडबोट पर्यटकांच्या होडीवर आदळून चारजण गेले. पण अपघात झाले म्हणून पाण्यावरून माणसांना कायमचं हटवलं, तर पुढची पिढी त्या पाण्याला आणखी अनोळखी होईल. आणि किनाऱ्यावरची कुटुंबं खाणार काय?

मला हवा आहे तो रोजचा नकार, बंदरागणिक. सकाळी बंदर निरीक्षक आणि तिथले दोन ज्येष्ठ तांडेल, अशा तिघांनी समुद्र बघावा, हवामान खात्याचा इशारा वाचावा आणि बावटा लावावा. लाल लागला तर एकही होडी सुटणार नाही, कुणाचीच. मग गिऱ्हाईक बाजूच्या होडीत जाण्याचा प्रश्नच येत नाही. निरीक्षक एकटा असेल तर तो तालुक्याच्या कार्यालयात बसून शिक्का मारेल आणि तांडेल एकटे असतील तर त्यांच्यावर दबाव येईल, म्हणून तिघं. प्रवाशाचे पैसे त्याच दिवशी परत. बंद दिवसाची भरपाई तिकिटातून जमवायची: माणशी पाच-दहा रुपये वेगळे काढून बंदराच्या खात्यात ठेवले तर मेमधल्या अशा आठ-दहा दिवसांचा भार त्यातून बराचसा उचलता येईल. मासेमारी बंदीच्या काळात मच्छीमार कुटुंबांना सरकारने पैसे देणं तामिळनाडूत वर्षानुवर्षं चालू आहे. काम थांबवायला लावायचं तर थांबणाऱ्याचं घर चाललं पाहिजे, हे तत्त्व आपल्याच देशात मान्य झालेलं आहे.

वारसा यादीमुळे या किल्ल्यांकडे येणारी माणसं वाढणार. किल्ल्यांजवळच्या हर्णै, थळ आणि मालवण या बंदरांतून त्यांना नेणाऱ्या होड्या बहुतेक मच्छीमारांच्याच असणार. हे ठरवायचं तर दिवाळीनंतर, हंगाम शांत असताना ठरवता येईल: कोणत्या बंदरात ते दोन तांडेल कोण, आणि बंद दिवसाचे पैसे कोणाच्या सहीने निघणार. मेमध्ये धक्क्यावर रांग लागल्यावर यातलं काहीही ठरवता येत नाही.